धागा तुटल्याचा धागा : यंत्रमाग, कापड तपासणी आणि एफपीजीए

धोटा

नमस्कार मंडळी. सहा-सात वर्षं नुसता वाचनमात्र आहे. पहिलाच धागा काढतोय, तोही धागा तुटण्यावर, तेव्हा सांभाळून घ्या.

घर इचलकरंजीचं. वडिलांचे बारा यंत्रमाग, अजून धोट्याचेच (आडवा धागा घेऊन इकडून तिकडे धावतो तो धोटा; आयडी तिथूनच आलाय). मी पुण्यात फर्मवेअर लिहितो. दिवाळीत घरी गेलो होतो. बारा माग एकदम चालू असले की शेजारच्या माणसाशी बोलायला त्याच्या कानात ओरडावं लागतं. पण बाबा पलीकडच्या खोलीत चहा पिता पिता म्हणतात, "सात नंबर बघ रे," आणि सात नंबरवर खरोखर धोटा पेटीत नीट बसत नसतो. पस्तीस वर्षांचा कान आहे तो.

मला तो कान यंत्रात उतरवायचाय. प्रत्येक मागाला एक मायक्रोफोन, एक कंपनाचा सेन्सर आणि बारीकसं न्यूरल नेटवर्क. धोटा अडकायची लक्षणं दिसली की माग आधीच थांबवायचा. तो मध्येच अडकला तर उभ्या धाग्यांचा झुपकाच्या झुपका तुटतो आणि ते जोडत बसण्यात पाळी जाते.

मशीन लर्निंगसाठी एफपीजीए फार वेगवान असं सगळीकडे वाचतोय. तर बारा मागांसाठी कुठला बोर्ड घ्यावा?

कापूसकोंड्या

वाचतोय. सूत आणि कापूस म्हटल्यावर यावंच लागलं.

काटकोन

स्पष्टच बोलतो, राग मानू नकोस. तुला एफपीजीए लागत नाही.

माग मिनिटाला दीडशे पिक (धोट्याचे फटके) मारतो असं धरू. म्हणजे दोन फटक्यांमध्ये ४०० मिलिसेकंद. १६ किलोहर्ट्झने आवाज घेतलास तर एका फटक्याला ६४०० नमुने. त्यांचा स्पेक्ट्रम (कुठली वारंवारता किती) काढून छोट्या नेटवर्कला दिलास तरी सगळे मिळून काही लाख गुणाकार. ४०० मेगाहर्ट्झचा साधा मायक्रोकंट्रोलर (एका चिपवरचा छोटा संगणक) हे काही मिलिसेकंदांत उरकून बाकीचा वेळ झोपा काढेल. प्रत्येक मागाला एकेक डकव, विषय संपला.

आणि "एफपीजीए वेगवान" हे वाक्यच अर्धवट आहे. त्यातलं सर्किट सहसा २००-३०० मेगाहर्ट्झवर चालतं. तुझ्या खिशातल्या फोनचं घड्याळ त्याच्या कितीतरी पुढे आहे.

वरणभात

मी बँकेतली, त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटेल. एफपीजीए म्हणजे काय? प्रोसेसरपेक्षा वेगळं काय असतं त्यात? आणि ज्याचं घड्याळ हळू तो वेगवान कसा म्हणवला जातो?

फळा_आणि_खडू

वरणभात, प्रश्न बाळबोध नाही. तिसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारला तर निम्मी वर्ग सोडून पळतात.

एफपीजीए म्हणजे हवं ते सर्किट आपण नंतर जोडू शकतो अशी चिप. ठिपक्यांची रांगोळी डोळ्यांसमोर आणा. कारखान्यातून चिप येते तेव्हा तिच्यावर नुसते ठिपके असतात. कुठला ठिपका कुठल्याला जोडायचा ते तुम्ही ठरवायचं, नाही आवडलं तर पुसून दुसरी काढायची. बहुतेक चिपांमध्ये वीज गेली की रांगोळी आपोआप पुसली जाते आणि वीज आल्यावर शेजारच्या फ्लॅश मेमरीतून परत उतरवली जाते. रांगोळीच्या त्या आराखड्याला बिटस्ट्रीम म्हणतात.

एकेक ठिपका म्हणजे लिहून ठेवलेला छोटा पाढा. सहा तारा आत येतात, त्यांवर शून्य-एकच्या ६४ जुळण्या होऊ शकतात, आणि प्रत्येक जुळणीला उत्तर काय हे आधीच भरून ठेवलेलं असतं. तिथे हिशेब होत नाही, पाढा म्हटला जातो. याचं नाव लूकअप टेबल, बोलीत लट. झायलिंक्स कंपनीने १९८५ साली पहिली एक्ससी२०६४ काढली तेव्हा तिच्यात अशाच, पण याहून लहान पाढ्यांचे ६४ ब्लॉक होते. आज विद्यार्थ्यांच्या हातात असलेल्या झिंक ७०२० चिपमध्ये ५३,२०० लट आहेत, शिवाय गुणाकारासाठी खास बसवलेले २२० डीएसपी ब्लॉक, दोन एआरएम प्रोसेसर आणि सगळी मिळून सुमारे ६३० किलोबाइट अंतर्गत मेमरी.

आता वेगाबद्दल. प्रोसेसर म्हणजे एकटी आजी. एका पानावर मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, भाजी, भात, वरण, तूप सगळं स्वतः वाढते आणि मग दुसऱ्या पानाकडे वळते. आजी कितीही चपळ असली तरी एकटीच. एफपीजीएत पंगत असते. मिठाचा माणूस वेगळा, चटणीचा वेगळा, वरणाचा वेगळा, सगळे एकामागोमाग एकाच चालीने पुढे सरकताहेत. पहिलं पान पूर्ण व्हायला वेळ लागतोच, पण त्यानंतर दर पावलाला एक पान पूर्ण होतं. पावलं सावकाश असली तरी चालतात, कारण माणसं दोनशे आहेत.

याहून मोठा मुद्दा स्वयंपाकघरातल्या फेऱ्यांचा. ४५ नॅनोमीटर तंत्रावरच्या चिपांसाठी नेहमी सांगितले जाणारे आकडे असे: ८ बिटांच्या गुणाकाराला सुमारे ०.२ पिकोज्यूल ऊर्जा, आणि बाहेरच्या डीरॅममधून (चिपबाहेरच्या मुख्य मेमरीतून) ३२ बिटांचा एक आकडा आणायला सुमारे ६४०. गुणाकार स्वस्त, हेलपाटा महाग. पंगतीत वरण पुढच्या माणसाच्या हातात जातं, परत चुलीपर्यंत जात नाही. न्यूरल नेटवर्क म्हणजे मुख्यतः गुणाकार आणि बेरजाच, म्हणून ही चाल त्याला मानवते.

हे फुकटात मिळत नाही. टोरंटोच्या कुऑन आणि रोझ यांनी ९० नॅनोमीटरच्या काळात मोजमाप केलं होतं. निव्वळ लॉजिकचं तेच सर्किट खास चिप म्हणून घडवलं तर एफपीजीएला सरासरी ३५ पट जागा जास्त लागते, वेग तीन-चार पटींनी कमी पडतो आणि चालू असतानाची वीज सुमारे १४ पट. ठिपके जोडायची मुभा ठेवायची तर न वापरलेल्या तारांचं ओझंही वाहावं लागतं.

वरणभात

पंगत कळली! तूप शेवटी का, हा वाद वेगळ्या धाग्यावर घालू.

टायमिंग_फेल

मास्तरांची पंगत छान, पण वाढप्यांना शिकवायला किती दिवस जातात तेही सांगा. पोटापाण्यासाठी मी अकरा वर्षं हेच करतोय.

सॉफ्टवेअरवाले एक ओळ बदलतात आणि दहा सेकंदांत निकाल बघतात. आमच्याकडे ओळ बदलली की टूल सगळे ठिपके परत मांडतं, तारा परत ओढतं. लहान डिझाइनला वीस मिनिटं, मोठ्याला रात्र. सकाळी बघावं तर एका रस्त्यावर उणे ०.३ नॅनोसेकंद. म्हणजे सिग्नल घड्याळाच्या ठोक्याआधी पोचला नाही. आयडी उगीच घेतलेला नाही.

सी++ मध्ये लिहा, टूल सर्किट बनवेल, अशी हाय-लेव्हल सिंथेसिसची जाहिरात असते. बनवतंही. पण आत काय बनतंय ते डोळ्यांसमोर नसेल तर असं सर्किट मिळतं की आजीच बरी. मागे एका गिऱ्हाईकाने पायथनमधलं अख्खं मॉडेल पाठवलं, ३२ बिट फ्लोटिंग पॉइंटमध्ये (लांबलचक दशांशी आकड्यांत), सोबत एक ओळ: "यात काही बदलू नका, फक्त चिपवर टाका." तीन महिने गेले, त्यातले दोन त्यांना ८ बिटांवर राजी करण्यात.

धोटा, काटकोन बरोबर बोलतोय. मागाला मायक्रोकंट्रोलरच लाव.

कापूसकोंड्या

धागा तिसऱ्याच प्रतिसादात तुटला म्हणायचा का?

धोटा

थोडा हिरमुसलो, पण हिशेब पटला. मायक्रोकंट्रोलरवरच सुरुवात करतो.

मात्र या चर्चेमुळे दुसरंच डोक्यात आलं. मामांकडे कापड तपासणीचं मशीन आहे. ग्रे (मागावरून उतरलेलं कोरं) कापड काचेवरून सरकतं, खालून दिवा, समोर बाई उभी. गाठ, तेलाचा डाग, तुटका ताणा (उभा धागा), सुटलेला बाणा (आडवा धागा) दिसला की मशीन थांबवून खूण करायची. आठ तास डोळे ताणून. तिसऱ्या तासानंतर कापडातल्या चुका निसटतात, यात त्या बायकांचा काय दोष? तिथे लाइन-स्कॅन कॅमेरा (एका वेळी एकच ओळ टिपणारा) लावला तर?

हिशेब मांडतो, चुकत असेन तर सांगा. पन्हा ६३ इंच, म्हणजे १.६ मीटर. बारीक गाठ पकडायची तर एक पिक्सेल ०.१ मिलिमीटरचा हवा, म्हणजे एका ओळीत १६,००० पिक्सेल. आत्ता मशीन फार सावकाश चालतं. मिनिटाला ६० मीटर चालवायचं म्हटलं तर सेकंदाला एक मीटर, म्हणजे १०,००० ओळी. गुणाकार केला तर सेकंदाला १६ कोटी पिक्सेल.

काटकोन

हा हिशेब मात्र मायक्रोकंट्रोलरच्या बाहेरचा. तरी एफपीजीए का? चार कॅमेरे, एक पीसी, एक बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड (जीपीयू). पायथनमध्ये आठवड्यात चालू होईल, मॉडेल बदलायचं तर संध्याकाळी बदल. खूण करणारी पट्टी कॅमेऱ्यापुढे अर्धा मीटर ठेवलीस तर तुला अर्धा सेकंद मिळतो. जीपीयूला तो रग्गड आहे.

मी एफपीजीएचा वैरी नाही. पण "नवीन खेळणं मिळालं म्हणून" आणि "अडलंय म्हणून" यातला फरक मला कळतो.

खोडद_रोड

इतका वेळ गप्प होतो, आता राहवत नाही. पीसी की एफपीजीए हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो. आपल्या नारायणगावजवळचं उदाहरण सांगतो. विद्यार्थी असताना तिथल्या रिसीव्हरच्या मागच्या भागावर थोडं काम केलंय, म्हणून जिव्हाळा.

खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण तुमच्यातल्या अनेकांनी पाहिली असेल. ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश, चौदा मध्यभागी आणि बाकीच्या इंग्रजी वायच्या तीन बाहूंवर, सगळा पसारा सुमारे २५ किलोमीटरचा. आधी ती एका वेळी ३२ मेगाहर्ट्झचा पट्टा ऐकायची. अपग्रेडनंतर तो ४०० मेगाहर्ट्झपर्यंत गेला. त्यासाठी प्रत्येक डिशच्या दोन्ही ध्रुवणांचा (लहरींच्या कंपनाच्या दोन दिशांचा) सिग्नल सेकंदाला ८० कोटी वेळा मोजावा लागतो. ३० गुणिले २ गुणिले ८० कोटी, म्हणजे सेकंदाला ४८ अब्ज नमुने. धोटाच्या कापडाच्या तीनशेपट, आणि दुर्बीण रात्रंदिवस चालू.

यात एकटा एफपीजीए नाही आणि एकटा जीपीयूही नाही. दारात एफपीजीए उभा आहे. वापरलेल्या बोर्डाचं नाव रोच. बर्कलेच्या कॅस्पर गटाच्या पुढाकारातून निघालेला हा बोर्ड जगभरच्या रेडिओ दुर्बिणींनी वापरला, त्यावर व्हर्टेक्स-५ चिप. अ‍ॅनालॉग-डिजिटल कन्व्हर्टरमधून नमुने पडतात ते थेट तिच्यात. तिने ते झेलायचे, वेळेचा शिक्का मारायचा, पाकिटं बांधायची आणि नेटवर्कवरून जीपीयू असलेल्या सर्व्हरांकडे सोडायची. ३० डिशच्या ४३५ जोड्या होतात. त्या जोड्यांचा गुणाकार-बेरजांचा डोंगर जीपीयू उपसतात.

आता धोटाच्या कामाची गोष्ट. आसपासच्या उच्चदाबाच्या तारांवर ठिणग्या उडतात, आणि त्यांचा रेडिओ आवाज आकाशातून येणाऱ्या सिग्नलपेक्षा कितीतरी मोठा असतो. तो शक्य तितक्या लवकर काढायला हवा, कारण एकदा फूरिए रूपांतर (सिग्नल वारंवारतांमध्ये फोडणं) झालं की ती क्षणभराची ठिणगी साऱ्या वारंवारतांवर सांडते. मग शोधायची कुठे? म्हणून हे गाळण दारातच, एफपीजीएत होतं.

त्यासाठी सरासरीऐवजी मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) वापरतात. वाडीत एक कोट्यधीश राहायला आला की वाडीचं सरासरी उत्पन्न उडी मारतं, मध्यक मात्र जागचा हलत नाही. ठिणगी म्हणजे तो कोट्यधीश. मध्यकापासूनच्या अंतरांचा परत मध्यक काढायचा, त्याच्या काही पट पलीकडे गेलेला नमुना बाद करायचा.

पण मध्यक काढायचा म्हणजे आकडे क्रमाने लावणं आलं, आणि ८० कोटी आकडे सेकंदाला कोण लावत बसणार? इथे रांगोळीची मजा आहे. ८ बिटांचा नमुना म्हणजे किमती फक्त २५६. २५६ डबे मांडायचे, येईल तो नमुना त्याच्या डब्यात मोजायचा, मग एका टोकापासून बेरीज करत निम्म्यावर पोचायचं. क्रम लावायची गरजच पडत नाही. नमुन्यांना थांबायला न सांगता हे चालतं, कारण डबे मोजणारं सर्किट वेगळं आणि बेरीज करणारं वेगळं, दोन्ही एकाच वेळी जिवंत.

अवांतर: नारायणगावला उतरलात तर मिसळ खाऊनच खोडदला जा.

धोटा

@खोडद_रोड, हे वाचून अंगावर काटा आला. म्हणजे माझ्याकडे उलटं: दुर्बिणीत वाईट नमुने फेकायचे, मला चांगलं कापड फेकायचंय!

खोडद_रोड

अगदी तेच. ताग्यात बहुतेक कापड चांगलंच असतं ना? मग ते १६ कोटी पिक्सेल पीसीपर्यंत न्यायचेच कशाला?

सीमेपलीकडे

जिनिव्हाजवळून लिहितेय. "चांगलं फेकायचं" यावरून आमच्या शेजारचा प्रकार सांगते.

सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेच्या २७ किलोमीटरच्या कड्यात प्रोटॉनांच्या पुंजक्यांची गाठ दर २५ नॅनोसेकंदांनी पडते, सेकंदाला ४ कोटी वेळा. सगळं साठवायला डिस्क नाहीत आणि तितक्या वायरीही नाहीत. म्हणून सीएमएस प्रयोगात पहिली चाळण इलेक्ट्रॉनिक्सची, त्यात एफपीजीए. त्यांना प्रत्येक घटनेवर सुमारे ४ मायक्रोसेकंदांत निकाल द्यावा लागतो, कारण तेवढाच वेळ डिटेक्टरच्या बफरमध्ये ती घटना थांबू शकते. उशीर झाला की गेली. ४ कोटींतल्या साधारण १ लाख पुढे सरकतात आणि मग सर्व्हरांची फौज त्यांतून अजून गाळते.

@काटकोन, जीपीयू इथे का चालत नाही, तर तो कमी ताकदीचा आहे म्हणून नव्हे. जीपीयूला पोटभर मोठा घास एकदम लागतो: शंभर चित्रं गोळा करा, मग द्या. त्या ४ मायक्रोसेकंदांत गोळा करायला वेळ नसतो. शिवाय कधी लवकर, कधी उशिरा हे चालत नाही. एफपीजीएत उत्तर किती ठोक्यांनी येणार ते आधीच मोजलेलं असतं, दर वेळी तितकेच.

अशा कामासाठी २०१८ साली एचएलएस४एमएल नावाचं मुक्त स्रोत साधन आलं. सॉफ्टवेअरमध्ये शिकवलेलं नेटवर्क घेऊन ते त्याचं एफपीजीएसाठीचं वर्णन तयार करतं. त्यांच्या पहिल्या शोधनिबंधातलं नेटवर्क बघा: १६ इनपुट, मग ६४, ३२, ३२ आणि शेवटी ५ उत्तरं. जोडण्या मोजल्या तर ४,२५६ गुणाकार. त्यातल्या ७० टक्के जोडण्या छाटल्या तरी अचूकता टिकली, आणि शून्याने गुणायचा गुणक हार्डवेअरमध्ये बसवावाच लागत नाही. उत्तर शंभरेक नॅनोसेकंदांत.

फळा_आणि_खडू

छाटणीच्या पुढची पायरी सांगतो. वजनं (जोडण्यांवरचे गुणक) आणि मधली उत्तरं दोन्ही एकेका बिटाची केली, म्हणजे फक्त +१ आणि −१, तर गुणाकार उरतच नाही. त्याची जागा एक्सनॉर (दोन बिट सारखे का, एवढंच सांगणारं सर्किट) घेतो आणि बेरजेची जागा "किती एक आले" ही मोजणी. लटला याहून आवडता खुराक नाही. झायलिंक्सच्या डब्लिनमधल्या संशोधकांच्या पुढाकारातून आलेल्या फिन या चौकटीने २०१७ मध्ये हस्तलिखित अंकांची सेकंदाला १.२३ कोटी चित्रं ओळखून दाखवली, एका चित्राला ०.३१ मायक्रोसेकंद, अचूकता ९५.८ टक्के.

त्या अचूकतेकडेही बघा. हाच अंकांचा संच साधं नेटवर्कसुद्धा ९८ टक्क्यांच्या वर ओळखतं. मासिकांत १.२३ कोटी छापून येतं, ९५.८ नाही.

काटकोन

@सीमेपलीकडे, मान्य. ४ मायक्रोसेकंदांपुढे जीपीयू नाही. पण धोटाकडे अर्धा सेकंद आहे, हे विसरू नका. त्याच्यासाठी वेळेचा मुद्दा लागू नाही.

खोडदवाल्यांचा मुद्दा लागू आहे. डेटा पुढे जाण्याआधी आटवायचा. तेवढ्यापुरता मी शस्त्रं खाली ठेवतो. अट एकच: निर्णय पीसीवर. एफपीजीएने फक्त "हा तुकडा बघा" म्हणायचं, तुकडा गाठ आहे की डाग ते त्याने ठरवायचं नाही. मॉडेल तू दर आठवड्याला बदलणार, आणि दर वेळी टायमिंग_फेलची रात्र जागवून चालायचं नाही.

टायमिंग_फेल

माझी झोप वाचवल्याबद्दल आभार.

धोटा, चार कॅमेऱ्यांचं स्वप्न बाजूला ठेव. एक कॅमेरा, ४०९६ पिक्सेल, चाळीस सेंटिमीटरची पट्टी, इतकंच कर. झिंक ७०२० चा कुठलाही शिकाऊ बोर्ड चालेल. आकडे असे:

सेकंदाला १०,००० ओळी गुणिले ४०९६, म्हणजे साधारण ४.१ कोटी पिक्सेल. सर्किट १६४ मेगाहर्ट्झवर चालवलंस तर एका पिक्सेलला चार ठोके मिळतात. पाच-बाय-पाचच्या एका फिल्टरला २५ गुणाकार. आठ फिल्टर घेऊ (आडवे, उभे, तिरके, ठिपक्याचे), म्हणजे एका पिक्सेलला २००. चार ठोके असल्याने एकच गुणक चार वेळा वापरता येतो. ५० डीएसपी पुरतात, तुझ्याकडे २२० आहेत.

मेमरी: पाच ओळींची खिडकी हवी तर आधीच्या चार ओळी जवळ लागतात. ४ गुणिले ४०९६ म्हणजे १६ किलोबाइट. बाहेरच्या डीरॅमला हातही लावायचा नाही. फिल्टरांचं उत्तर उंबरठ्याच्या वर गेलं की त्या जागेभोवतीचा ६४ बाय ६४ चा तुकडा पीसीकडे.

घड्याळाची एक गोष्ट गाठीला बांध. कॅमेऱ्याचं घड्याळ वेगळं आणि तुझं वेगळं असणार. सिग्नल एकातून दुसऱ्यात नेताना मध्ये असिंक्रोनस फिफो (दोन वेगळ्या घड्याळांमधली रांग) घाल. न घालताही चालेल असं वाटेल. चालेलही, दोन दिवस.

वरणभात

गुणाकार सोडून सगळं कळलं. धोटा, काय झालं ते नक्की सांग हं, नाहीतर अर्धवट राहिलेल्या धाग्यांचं इथे प्रदर्शन भरलंय.

धोटा

(चार महिन्यांनी)

धागा वर काढतोय. उशिराबद्दल माफी, शनिवार-रविवारच काय ते मिळायचे.

आधी लाजिरवाणी गोष्ट. फिफो घातला नव्हता. "एकच तर सिग्नल आहे" म्हणून थेट जोडला. टेबलावर छान चालला. मामांकडे लावला आणि दुपारनंतर दर दीड-दोन तासांनी पुढचं सगळं चित्र एका पिक्सेलने सरकायला लागलं. मी केबल बदलली, पॉवर सप्लाय बदलला, पंखा लावला. तीन शनिवार गेले. शेवटी टायमिंग_फेलचं फिफोबद्दलचं वाक्य परत वाचलं.

त्यातून सुटतो तर कापडावर आडवे पट्टे. सगळ्या ताग्यात, एकसारखे, आणि बोर्ड प्रत्येक पट्ट्याला "हा तुकडा बघा" म्हणतोय. मामा भिंगातून कापड बघून म्हणाले, "पट्टे कापडात नाहीत, तुझ्या डब्यात आहेत." काटकोनला व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला. त्याने एवढंच विचारलं: मशीन किती वेगाने चालतंय आणि दोन पट्ट्यांत अंतर किती? मिनिटाला ३० मीटर, अंतर ५ मिलिमीटर. म्हणजे सेकंदाला १०० पट्टे.

काटकोन

मग पुढचं बोलायची गरजच पडली नाही. ५० हर्ट्झची वीज, दिवा सेकंदाला शंभरदा मंद होतो. डोळ्याला दिसत नाही, लाइन-स्कॅनला दिसतं. अर्धा मीटर भागिले शंभर, ५ मिलिमीटर. दिवा डीसीवर टाकला, पट्टे गेले. एफपीजीएचा यात काही संबंध नव्हता, हे मुद्दाम नोंदवतो.

धोटा

नोंद घेतली :)

आत्ताची स्थिती: एक कॅमेरा, चाळीस सेंटिमीटर, मिनिटाला ३० मीटर. ४५ डीएसपी लागले, कारण ठिपक्याच्या फिल्टरमधली काही वजनं शून्यच निघाली. तेलाचे डाग आणि तुटका ताणा व्यवस्थित सापडतात. गाठी बऱ्याच. सुटलेला बाणा मात्र निम्म्या वेळा निसटतो, कारण पाच ओळींच्या खिडकीत तो नुसता थोडा फिका पट्टा दिसतो. उंबरठा खाली आणला तर पीसीकडे तुकड्यांचा पूर येतो. घडी खात्यातल्या एका मावशींनी दोन दिवस शेजारी उभं राहून बघितलं आणि म्हणाल्या, "बाणा समोरून बघत नाहीत, तिरकं बघतात." दिवा खालून न ठेवता बाजूने, जवळजवळ कापडाला टेकवून ठेवला. पहिल्या ताग्यात फरक दिसला, अजून मोजलेलं नाही.

टायमिंग_फेल

खिडकी उंचीला पंधरा ओळींची कर, रुंदी राहू दे. १४ ओळी म्हणजे ५६ किलोबाइट, जागा आहे. आणि बाण्याच्या फिल्टरला गुणाकार लागणारच नाहीत: वरच्या सात ओळींची बेरीज, खालच्या सातांची बेरीज, मधल्या ओळीशी तुलना. लटमध्येच बसेल.

मावशींना माझा नमस्कार सांग. आमच्या ऑफिसात प्रकाशाबद्दल असं सांगणारं कुणी नाही.

वरणभात

आणि बाबांचा सात नंबर?

धोटा

त्यावर मायक्रोकंट्रोलर बसवलाय, काटकोनच्या हिशेबाबरहुकूम. गेल्या आठवड्यात त्याने माग तीनदा थांबवला. दोनदा बरोबर. तिसऱ्यांदा मला वाटलं उगीच, धोटा पेटीत व्यवस्थित होता. बाबा म्हणाले, "उगीच नाही, पट्टा बघ." फटका मारणारा चामडी पट्टा काढून बघितला, शिवणीपाशी निम्मा फाटला होता.

त्यांना तो तीन दिवसांपासून ऐकू येत होता म्हणे. मग बोलला का नाहीत, विचारलं. "तुझं यंत्र कधी सांगतंय ते बघत होतो."